उजवी टाच : मुंबई मॅरेथॉनपर्यंतच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

१९ जानेवारीला मुंबई मॅरेथॉन. पूर्ण, ४२.१९५ किलोमीटर, माझी पहिली. १८ आठवड्यांचं वेळापत्रक १६ तारखेपासून सुरू केलं, त्यातला पहिला लाँग रन आज झाला. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे आणि परत, एकूण १८ किलोमीटर. फुलांचा हंगाम आहे, त्यामुळे उजाडायच्या आतच वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती.

पळताना काही जाणवलं नाही. घरी येऊन बूट काढले, अंघोळ केली, पोहे करायला उभी राहिले आणि उजव्या टाचेच्या मागे, वर पोटरीकडे जाणाऱ्या शिरेत (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी, जिला अकिलीज म्हणतात ती) ओढ बसली. चिमटीत धरून पाहिलं. डाव्या पायाची शीर दोरीसारखी सरळ लागते. उजवी मध्येच जरा जाड झाली आहे, मुगाच्या शेंगेत दाणा फुगावा तशी.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पलंगावरून उतरले तर टाच टेकवेना. मोरीपर्यंत भिंतीला धरून गेले. दहा-पंधरा पावलांनी शीर सैल झाली आणि शाळेत जाईपर्यंत विसरूनही गेले. पळू नये हे कळत होतं. पूर्ण विश्रांती घ्यायची ठरवली.

६ ऑक्टोबर, रविवार

बारा दिवस एक पाऊलही पळाले नाही. बर्फ लावला, संध्याकाळी सासूबाईंनी कोमट तेल चोळून दिलं, रोज जिन्याच्या पायरीवर टाच खाली सोडून शीर ताणली. दुखणं जवळजवळ गेलं होतं. आज सहा किलोमीटर अगदी हळू गेले, सपाट रस्त्याने. चौथ्या किलोमीटरला ओढ सुरू झाली. घरी येईपर्यंत टाच पहिल्यापेक्षा जास्त दुखत होती.

रडू आलं, हे इथे लिहून ठेवते. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहाटे साडेचारला उठून, डबे करून, मग पळायला जायचं, हे मी चार वर्षं जपलं आहे. दिवसातला तेवढाच एक तास माझा असतो.

पळण्याच्या ग्रुपमधल्या काकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, एक इंजेक्शन घेऊन टाका, दोन दिवसांत पळायला लागाल." हे म्हणाले, "आधी कुणाला तरी दाखव." बुधवारची वेळ घेतली.

९ ऑक्टोबर, बुधवार

फिजिओ वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. ती मला मॅडम म्हणते, मी तिला डॉक्टर. तिने आधी हात लावलाच नाही, फक्त प्रश्न विचारत बसली. जून-जुलैत आठवड्याला किती किलोमीटर व्हायचे? ३२. ऑगस्टमध्ये? ५१. का? सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन होती, तिच्यासाठी घाट आठवड्यातून तीनदा. बूट तेच होते? नाही, जुलैअखेर बदलले. जुन्यात टाचेची बाजू पुढच्यापेक्षा १० मिलिमीटर उंच होती, नव्यात ४. शर्यतीनंतर किती दिवस थांबलात? आठवडाभर. मग लगेच हे वेळापत्रक.

तिने ते सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. माझं मलाच दिसलं. चढावर पाऊल पुढून टेकतं, टाच खाली जाते, घोटा जास्त वाकतो, म्हणजे शीर जास्त ताणली जाते. टाचेची उंची कमी असलेला बूटही तेच करतो. दोन्ही एकाच महिन्यात, त्यात किलोमीटर दीडपट. यातलं एखादंच केलं असतं तर शिरेने सोसलंही असतं.

मग उभं केलं. एका पायावर चवड्यावर उठायचं, थकेपर्यंत. डावा पाय २४ वेळा, उजवा ९, तोही दुखत.

पुढचं तिने समजावलं ते जमेल तसं लिहिते. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर, शिरेच्या मध्यावर हे दुखणं आहे. हाडाला जिथे चिकटते तिथे असतं तर उपचार वेगळा झाला असता, तेव्हा टाच पायरीखाली सोडायची नसते. आत फार सूज नाही, म्हणून बर्फाने तात्पुरतं बरं वाटतं. शिरेच्या धाग्यांची वीण विस्कटली आहे. पळताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझं वजन ५६ किलो, म्हणजे प्रत्येक पावलाला साडेतीनशे ते साडेचारशे किलो. विश्रांतीत दुखणं थांबतं, पण तेवढा ताण पेलायची ताकद आणखी कमी होते. माझे बारा दिवस तिथे गेले.

"मॅडम, हिला काम द्यायचं. पण मोजून."

इंजेक्शनाचं विचारलं. स्टेरॉइडने दुखणं दबतं आणि शीर कमकुवत होऊ शकते, या जागी ती ते सुचवणार नाही. विषय तिथेच संपला.

मॅरेथॉनचं विचारायला धीर होत नव्हता. शेवटी दारातून विचारलं. म्हणाली, डिसेंबरअखेर सांगते.

९ ऑक्टोबर, रात्री

एक गोष्ट राहिली. नवरात्र चालू आहे आणि लग्न झाल्यापासून मी नऊ दिवस अनवाणी असते. तीन तारखेपासून चप्पल घातलेली नाही. डॉक्टर म्हणाली, अनवाणी चालताना टाचेला कसलाच आधार नसतो, सध्या टाळा, उलट दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीचं पॅड घाला. घरी कसं सांगावं या विचारात होते. सासूबाईंनीच सपाता आणून पायाशी ठेवल्या. म्हणाल्या, "देवी तुझ्या पायातलं बघत नाही गं. घाल."

१३ ऑक्टोबर, रविवार

मोजायची पद्धत अशी. सकाळी उठल्यावर पलंगापासून मोरीपर्यंतची पावलं, तिथे शून्य ते दहामध्ये किती दुखलं तो आकडा. पळतानाही आकडा. दोनपर्यंत निर्धास्त, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेला की तिथेच थांबायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: आकडा आदल्या सकाळच्या जागी परत आला पाहिजे. नाही आला, तर कालचं काम जास्त झालं.

ही पद्धत स्वीडनमधून आली आहे. तिथे २००७ साली ३८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा आठवडे पळणं-उड्या बंद, निम्म्यांना हा आकडा सांभाळून चालू. व्यायाम दोघांना सारखाच. पळत राहिलेल्यांचं काही बिघडलं नाही, दोन्ही गट सारखेच सुधारले. हे वाचून मला केवढा आधार वाटला!

आज शाहू स्टेडियमच्या ट्रॅकवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळताना ३. सकाळचा आकडा ६ होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ६. वाढला नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

व्यायाम आता अंगवळणी पडतोय, म्हणून तपशिलात लिहिते.

आमचा जिना कडप्प्याचा आहे. खालून तिसऱ्या पायरीच्या कडेला दोन्ही पायांचे चवडे, हात कठड्यावर नुसता टेकलेला. मनात तीन मोजत वर, तीन मोजत खाली. टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत सोडायची, झटका नाही. आधी दोन्ही पायांवर १५, असे तीन वेळा. मग उजव्या एकट्यावर. सातव्या-आठव्या उठण्याला पोटरी थरथरते आणि शिरेत मंद कळ येते, साधारण ४. ती चालते. सुरुवातीला त्या कळेची भीती वाटायची, कारण इतके दिवस कळ आली की थांबायचं हेच शिकले होते.

दुसरा प्रकार बसून. पोटरीच्या आतला सोलियस नावाचा स्नायू गुडघा वाकलेला असताना जास्त काम करतो, लांब पळण्यात बराचसा भार त्याच्यावर असतो. खुर्चीवर बसायचं, मांडीवर गुडघ्याजवळ २५ किलो तांदळाचं पोतं ठेवायचं आणि टाचा उचलायच्या. पोतं मांडीवर ठेवायला धाकटा मदत करतो.

या व्यायामाची गोष्ट डॉक्टरने सांगितली. स्वीडनमधल्या उमेओ इथले होकान आल्फ्रेडसन हे शल्यचिकित्सक. त्यांनी १९९८ साली १५ हौशी धावपटूंवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. बाकी सगळे उपचार थकलेली माणसं होती ती. त्यांना फक्त टाच खाली सोडण्याचा भाग दिला, गुडघा सरळ आणि वाकवून, दिवसातून दोनदा, मिळून १८० वेळा, रोज, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पळायला लागले. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात दिसलं की जास्त वजन घेऊन, सावकाश, आठवड्यातून तीनदाच केलं तरी फळ तेवढंच मिळतं. शाळा, घर, डबे सांभाळून मला रोज १८० जमणार नव्हतं. तीनदा जमतं. मंगळवार, गुरुवार, रविवार.

पळणंही त्याच दिवशी ठेवलंय. जोराचं काम झालं की पहिला दीड दिवस शिरेत झीज जास्त आणि भरणं कमी असतं, मग हिशोब उलटतो. म्हणून कामाचे दिवस एकत्र आणि मधले मोकळे. मोकळ्या दिवशी सायकल, तीही पेडलवर पावलाचा मध्य ठेवून.

सकाळी ५.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीच्या कामात पाणी कमी प्यायले आणि लघवीला जळजळ सुरू झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. दुकानात उभी असताना फिजिओने दिलेला कागद आठवला. त्यात खाली एक ओळ होती: या गटातल्या प्रतिजैविकांनी अकिलीजची शीर तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. परत जाऊन डॉक्टरांना पाय दाखवला. त्यांनी तत्काळ गोळी बदलून दिली आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत. शिरेचं दुखणं असलेल्या प्रत्येकाने हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, दुसरंच काही दाखवायला गेलं तरी.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

सकाळी ३. ओवाळणीत यांनी धाकट्याच्या जुन्या सॅकमध्ये पाच किलो ज्वारीचं पीठ बांधून दिलं, व्यायामाला.

१० नोव्हेंबर, रविवार

सलग १० किलोमीटर, वाढे फाट्याच्या बाजूने, सगळा सपाट रस्ता. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, आठ मिनिटांच्या आसपास, एरवी माझा सात असतो. पळताना २. घाटाच्या दिशेने बघितलंही नाही. खरं तर बघितलं. यवतेश्वरवर ढग उतरले होते आणि ग्रुपची मंडळी तिकडे वळली, मी सरळ गेले.

सॅक १० किलोवर.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. माझी ड्यूटी होती. परवा सकाळी साहित्य ताब्यात घ्यायला रांग, मग केंद्रावर पोहोचून मांडणी, रात्री शाळेच्या फरशीवर सतरंजी, पहाटे मॉक पोल आणि दिवसभर उभं-बस. चपला सपाट घातल्या होत्या. पॅडचे बूट घरी राहिले, तयारीच्या गडबडीत लक्षातच आलं नाही. यंत्रं जमा करून घरी यायला मध्यरात्र झाली.

सकाळी ६. सहा आठवड्यांपूर्वीचाच आकडा.

पलंगावर बराच वेळ बसून होते. डॉक्टरला फोन केला. तिने विचारलं, जाड झालेली जागा वाढली आहे का? नाही. चवड्यावर उठता येतं का? येतं. "मग शीर चिडलीय, बिघडली नाहीये. आजचं पळणं नको. व्यायाम करा, सॅक पाच किलो." मी विचारलं, दोन दिवस पूर्ण थांबू का? म्हणाली, "थांबून काय होतं ते ऑक्टोबरात पाहिलंत ना?"

२४ नोव्हेंबर, रविवार

८ किलोमीटर. सकाळी ४.

१ डिसेंबर, रविवार

१४ किलोमीटर. थंडी चांगली पडली आहे. थंडीत शीर उशिरा सुटते, म्हणून निघण्याआधी घरातच दहा मिनिटं चालते आणि पायरीवर वीस वेळा उठते. सकाळी ३.

आता वेळेचं लिहून टाकते. साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करायचं ध्येय वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्यावर आज रेघ मारली. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, या चालीने जेवढा वेळ लागेल तेवढा. हे ठरवायला मला दोन महिने लागले.

८ डिसेंबर, रविवार

१८. उजवा पाय एकट्याने १९ वेळा उठला!

१५ डिसेंबर, रविवार

२२ किलोमीटर, शेवटी पोटऱ्या थकल्या, टाच नाही. उद्या सकाळचं बघायचं.

१६ डिसेंबर, सोमवार

२.

२९ डिसेंबर, रविवार

मोठी परीक्षा होती. माहुलीच्या संगमापर्यंत आणि परत, मग वाढे फाटा, असं करत २८ किलोमीटर. कृष्णेवर धुकं इतकं होतं की पुलावरून पाणी दिसत नव्हतं, फक्त घाटावरच्या घंटेचा आवाज येत होता. २० पर्यंत आकडा १. २४ ला ३. मग तिथेच राहिला. घरी येऊन बूट काढले आणि उन्हात पाय पसरून बसले. सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी न विचारताच टाच चिमटीत धरून पाहिली, जशी मी रोज बघते. म्हणाल्या, "बारीक झालीय की."

डॉक्टरचा निरोप: मंगळवारी सकाळचा आकडा कळवा, मग सांगते.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल ३, आज २. कळवलं. तिचं उत्तर आलं: "जा. पण चढावर चालायचं, आणि पाचच्या वर गेलात तर थांबायचं. मला शब्द द्या." दिला.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

सकाळी १. शेवटचे दोन आठवडे किलोमीटर कमी केलेत, सॅक गुरुवारी शेवटची. वर्गातल्या मुलांना तिळगूळ वाटला. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पहिल्या येणार का?" मी म्हटलं, शेवटपर्यंत जाणार.

बूट जुनेच घालणार आहे, टाच उंच असलेले. नवे कोपऱ्यात पडलेत. उन्हाळ्यात छोट्या अंतराला थोडे थोडे घालून बघेन.

१९ जानेवारी, रविवार, रात्री, दादर

ननंदेच्या घरी बसून लिहितेय.

सीएसएमटीसमोर पहाटेच्या अंधारात एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या अंगाला बामाचा वास. इमारतीवर दिवे होते. पहिले दहा किलोमीटर माणसं भराभर पुढे जात होती आणि मी नऊ मिनिटांनी घड्याळ वाजलं की कडेला होऊन चालत होते. कुणी पाठीवर हात ठेवून विचारायचं, "काय झालं ताई, पळा की!" प्रत्येकाला हसून हात दाखवला.

सी लिंकवर उजाडलं. एरवी तिथे पायी जाता येत नाही. खाली समुद्र, दोन्ही बाजूंना त्या तारा आणि हजारो पावलांचा एकच आवाज. तिथे टाच विसरले, बहुधा दोन-तीन किलोमीटर.

३० ला ३. ऊन चढलं. परतीच्या वाटेवर ३५ च्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. त्याचं नाव सगळ्यांकडून ऐकलं होतं. यवतेश्वरच्या घाटापुढे तो काहीच नाही, आणि सप्टेंबरात मी तो पळतच चढले असते. पायथ्याशी आकडा ४ झाला. चालायला लागले. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की देत होती. एका आजींनी फोड हातात ठेवली आणि माझा हात सोडेनातच, चार पावलं माझ्याबरोबर चालत आल्या. माथ्यावर पोहोचले तेव्हा अजून ४ होता. पाचच्या वर गेला असता तर थांबले असते का, हे मी डॉक्टरला दिलेल्या शब्दावरून सांगते: थांबले असते.

मरीन ड्राइव्हवर शेवटचे किलोमीटर पळतच आले. ५ तास २६ मिनिटं.

२० जानेवारी, सोमवार

मुद्दाम लवकर उठले. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. मांड्या दगड झाल्यात, पायाच्या नखाखाली रक्त साकळलंय, खांदेसुद्धा दुखतात. उजवी टाच, पहिल्या पावलाला ४, अकराव्याला ३. चिमटीत धरून पाहिली. जाडी आहे तेवढीच.

तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरले, कठडा धरून. साताऱ्याची बस दहाची.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी ३. डॉक्टरला कळवलं. आठवडाभर पळणं नाही. पायरीचा व्यायाम गुरुवारपासून, सॅक पाच किलो.